‘थेट’ म्हणजे किती थेट?

इंटरनेट नसले तरी शेजारच्या मोबाइलवर चित्रफीत ‘थेट’ दाखवता येते, असे सर्रास सांगितले जाते. २०२४ साली एका शिक्षक-शिबिरात आम्ही त्यावर विसंबलो. दोन फोनवर छान चाललेली फीत आठ फोनवर अडखळू लागली. फोन बिघडलेले नव्हते. ‘थेट’ या शब्दाने आम्हाला फसवले होते.

२०१० साली आलेल्या वाय-फाय डायरेक्ट पद्धतीत एक फोन गटप्रमुख होतो. बाकीचे त्याच्याशीच बोलतात, आपसात नाही. शिवाय तो सहसा प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. सेकंदाला ५ मेगाबिटची फीत आठ जणांना म्हणजे ४० मेगाबिट झाले! साध्या फोनचा २.४ गिगाहर्ट्झवरचा कागदोपत्री वेग ७२ मेगाबिट असला तरी हाती येतो तो बराच कमी. त्यात मागच्या बाकावरचा दूरचा फोन तेवढ्याच माहितीला जास्त वेळ घेतो, आणि सगळेच रखडतात.

गंमत अशी, की लहरी सगळ्यांपर्यंत पोचतच असतात. मग आकाशवाणीसारखे एकदाच का पाठवू नये? कारण वाय-फायमध्ये सर्वांसाठी पाठवलेल्या तुकड्याची पोच मिळत नाही, त्यामुळे हरवलेला तुकडा पुन्हा येत नाही. आणि तो पाठवलाही जातो बहुधा सर्वांत कमी वेगाने.

यावर २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठ (अर्वाइन) आणि लोझानच्या संशोधकांनी ‘मायक्रोकास्ट’मध्ये सुरेख तोड काढली. पाठवायचे एकाला, बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचे. हरवलेल्या तुकड्यांची भरपाई मिश्रणाने करायची. समजा अ-कडे १०११ पोचला नाही, ब-कडे ०११० पोचला नाही. दुसऱ्याचा तुकडा मात्र प्रत्येकाकडे आहे. सारख्या अंकांना ०, वेगळ्यांना १ या नियमाने दोन्ही मिसळून ११०१ एकदाच पाठवा. अ त्यात आपल्याजवळचा ०११० मिसळतो आणि १०११ मिळवतो. ब-चेही तसेच. (फळ्यावर करून पाहा, दहावीची मुले चटकन पकडतात.)

आमची तक्रार या कल्पनेबद्दल नाही. दुसऱ्याला पाठवलेले ऐकण्याची मुभा साध्या फोनमधल्या प्रणाली सहसा देत नाहीत, ही खरी अडचण आहे. म्हणजे खिशातल्या फोनला ही युक्ती जशीच्या तशी वापरता येत नाही, आणि तरी ‘थेट’ म्हणून त्याची जाहिरात करताना गटात किती फोन चालतील हे कोणी सांगत नाही.

शिबिरात शेवटी आम्ही फीत एकेका फोनवर आधी उतरवून दिली. चहाच्या सुट्टीत काम झाले.