अर्धे पुस्तक वाचणारे

स्वातंत्र्यकाळातील नेत्यांचे माप काढणे हा आपल्या वैचारिक जीवनातला एक कायमचा उद्योग होऊन बसला आहे. फाळणीचे पाप कोणाचे? गांधींचे की जीनांचे? नेहरूंच्या घाईचे की सावरकरांच्या सिद्धान्ताचे? आखाडा ठरलेला, मल्ल ठरलेले आणि टाळ्या वाजवणारेही ठरलेले. गेल्या काही दशकांत ह्या आखाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही उतरवले जाते. तेही साक्षीदार म्हणून, दुसऱ्याच कुणाच्या तरी बाजूने. हिंदुत्ववादी पक्ष त्यांच्या पाकिस्तानविषयक ग्रंथातली चार पाने फाडून आणतो आणि म्हणतो, पाहा, मुसलमानांविषयी आंबेडकरांचेही हेच मत होते. त्याला उत्तर देणारा पुरोगामी दुसरी चार पाने काढतो आणि हिंदू राज्याविषयीचा इशारा वाचून दाखवतो. दोघांचेही काम भागते. ग्रंथ मात्र न वाचलेलाच राहतो.

ह्या लेखाचा विषय म्हणजे ही अर्धी वाचने. ग्रंथ पूर्ण वाचला तर त्यातून जो वारसा निघतो तो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही सोयीचा नाही. म्हणूनच तो टाळला गेला आहे.

मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'थॉट्स ऑन पाकिस्तान' प्रसिद्ध झाले. १९४५ साली दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली आणि ग्रंथाचे नाव 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' असे झाले. महाराष्ट्र शासनाने १९९० साली तो समग्र वाङ्मयाच्या आठव्या खंडात छापला. ह्या ग्रंथाची रचनाच एखाद्या न्यायालयीन निकालपत्रासारखी आहे. पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचे म्हणणे, दुसऱ्यात त्याविरुद्ध हिंदूंचे म्हणणे, तिसऱ्यात पाकिस्तान नसेल तर काय, चौथ्यात दोन्ही समाजांच्या दुखण्याचे निदान. फिर्यादीचा युक्तिवाद वाचून निकाल सांगणारा माणूस जितका शहाणा, तितकाच चार पाने फाडणारा वाचक शहाणा. ह्याच ग्रंथात बाबासाहेब दाखवून देतात की राष्ट्राच्या प्रश्नावर सावरकर आणि जीना एकमेकांचे विरोधक नाहीतच. येथे दोन राष्ट्रे आहेत ह्यावर दोघांचे एकमत आहे, मतभेद आहे तो त्यांनी कोणत्या अटींवर एकत्र राहावे एवढ्यावरच. हे पान हिंदुत्ववादी वाचकाच्या हाती कधी लागत नाही, हा योगायोग समजणे भाबडेपणाचे होईल.

पुरोगामी वाचकही निर्दोष नाही. मुस्लिम राजकारणाचा आक्रमकपणा, समाजसुधारणेतील साचलेपणा, पडदा, मुसलमानांतील जातिभेद ह्यांविषयी बाबासाहेबांनी कठोर लिहिले आहे. ते त्यांच्या नावावरून पुसता येणार नाही. २२ डिसेंबर १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळांच्या राजीनाम्यानंतर जीनांनी पुकारलेला मुक्तिदिन मुंबईच्या भेंडीबाजारात साजरा झाला, तेव्हा बाबासाहेब जीनांसह त्या सभेत बोलले. पुढच्याच वर्षी ही टीका त्यांनी लिहिली. ज्यांना बाबासाहेब एखाद्या गोटात बसवायचे आहेत त्यांना ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

नेत्यांच्या वादाविषयी त्यांचे स्वतःचे मत काय होते? १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त, त्यांनी 'रानडे, गांधी आणि जीना' हे भाषण केले. गांधी आणि जीना ह्या दोन व्यक्तींच्या अहंतेत देशाचे राजकारण अडकून पडले आहे, वृत्तपत्रे विभूतिपूजेचा धंदा करीत आहेत आणि भक्तांनी विचार करणे सोडून दिले आहे, हा त्याचा आशय. आज आपण जे करतो ते ह्याच रोगाचे पुढचे रूप आहे. तेव्हा दोन माणसे भांडत होती. आता त्यांचे पुतळे भांडतात. आणि आपणही आपला पुतळा घेऊन त्या भांडणात उतरलो, तर त्या भाषणाचा आपण पराभव केला असेच म्हणावे लागेल.

मग हिशेब मांडायचा कसा? तो नेत्यांच्या नावाने न मांडता, किंमत कोणी मोजली ह्या प्रश्नाने मांडावा. त्यासाठी ठाणे जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. कोलशेतचे गावठाण खाडीच्या ह्या काठावर आहे. पलीकडचा काठ भिवंडी तालुक्याचा. शेजारच्या बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीचा रस्ता लागतो. एकेकाळी कोलशेतचा हा पट्टा कारखान्यांच्या भोंग्यावर चालत होता, आता तेथे उंच इमारती उभ्या आहेत. ह्या इमारतींत फाळणीचा वाद मोबाइलवर रोज खेळला जातो. परंतु त्या वादाची खरी वसुली झाली ती खाडीपलीकडे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडी पेटली आणि पाठोपाठ जळगाव. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्या वेळी आग ठाणे, कल्याण आणि मुंबईपर्यंत आली.

ह्या आगीत कोण होते? भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. तेथील मागावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला मोमीन विणकर १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आलेला. गावातला जुना, जमीनजुमला राखून असलेला कोकणी मुसलमान वेगळा आणि हा मोमीन वेगळा. उत्तरेत त्याला जुलाहा म्हणत, आणि त्या शब्दात तुच्छता होती. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन मुसलमानांतील ही उतरंड मांडली आहे: वर अश्रफ, खाली अजलफ, आणि सर्वांत तळाला अरजल, मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानातही ज्यांना मज्जाव होता ते. हे वाचताना दलित वाचकाच्या काळजात काही हलत नसेल तर त्याने आपले वाचन तपासावे. मोमीन कॉन्फरन्स ही विणकरांची संघटना; तिने लीगच्या पाकिस्तानच्या मागणीला विरोध केला होता. पण १९४६ च्या निवडणुकीत मताचा अधिकारच मालमत्ता, कर आणि शिक्षण ह्यांवर ठरत होता. ज्यांच्याकडे मत नव्हते त्यांच्या नावाने देश वाटला गेला, आणि पुढे भिवंडीत त्यांच्याच नातवंडांना विचारले गेले की तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत?

आता त्या पानांकडे येऊ, जी कोणीच फाडून आणत नाही. १९४५ च्या आवृत्तीत जोडलेल्या पाचव्या भागात बाबासाहेब विचारतात, पाकिस्तान व्हायलाच हवे काय? हिंदू राज्य ही ह्या देशावरची मोठी आपत्ती ठरेल, असे ते तेथे बजावतात. पुरोगामी वाचक येथेच थांबतो. बाबासाहेब पुढे जातात. हिंदू राज्याचे भूत गाडण्याचा उपाय म्हणून मुसलमानांनी लीग मोडून टाकावी आणि हिंदू-मुसलमानांचा मिश्र पक्ष काढावा, असे ते सुचवतात. हिंदू समाजातल्या खालच्या थरांच्या गरजा बहुसंख्य मुसलमानांच्या गरजांसारख्याच आहेत. त्यांना माणूसपणाचे हक्क नाकारणाऱ्या उच्चवर्णीयांपेक्षा ते मुसलमानांबरोबर अधिक तयारीने उभे राहतील. ह्याला पुरावा म्हणून ते १९२० ते १९३७ ह्या काळातील प्रांतिक राजकारण दाखवतात, जेथे ब्राह्मणेतर, मुसलमान आणि अस्पृश्य ह्यांनी एकत्र कारभार केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव ह्याच काळातला. माझ्या मते हा ह्या ग्रंथाचा गाभा आहे, आणि तोच वारसा आहे.

हा वारसा गोड मानण्याचेही कारण नाही. बोले ठरावातूनच महाडचा संग्राम उभा राहिला. डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेसाठी सवर्ण हिंदूंनी जागा दिली नाही. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. पण १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी ह्यांच्यावर मुसलमानांचा जमाव चालून आला. हा प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यता पाळायला हिंदूच असावे लागते असे नाही, हा त्याचा अर्थ. आणि ज्या महाडने पाण्याचा हक्क शिकवला, तेच महाड मे १९७० मध्ये भिवंडी आणि जळगाव ह्यांच्याबरोबर न्यायमूर्ती मादन आयोगाच्या चौकशीच्या मथळ्यात आले. एका गावाच्या नावात हे दोन्ही इतिहास आहेत. एक गाळून दुसरा सांगणारा लबाड आहे.

बाबासाहेबांच्या ग्रंथालाही दोष आहेत आणि ते सांगणे हेच त्यांच्या पद्धतीला धरून होईल. ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया ह्यांचे उदाहरण देऊन त्यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा विचार व्यवहार्य म्हणून मांडला. अश्रफ आणि अरजल असा भेद दाखवणारी लेखणी येथे मात्र 'हिंदू' आणि 'मुसलमान' असे दोन अखंड ठोकळे धरून चालते. १९४७ ने दाखवून दिले की अदलाबदलसुद्धा जातीप्रमाणेच होते. सिंधमधून इतर हिंदूंना निघू दिले जात होते. कराचीची सफाई करणाऱ्या अस्पृश्यांना मात्र अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडवून धरले गेले. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न मांडला. दोन राष्ट्रे झाली, पण सीमेच्या दोन्ही बाजूंना झाडू त्याच हातात राहिला.

जोगेंद्रनाथ मंडल ह्यांचे उदाहरणही टाळता येणार नाही. बंगालच्या ह्या दलित नेत्याने लीगशी हात मिळवला, पाकिस्तानचा पहिला कायदेमंत्री झाला, आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतला. ह्यावरून दलित-मुस्लिम ऐक्य अशक्य आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे. मंडल ह्यांचा करार लीगच्या वरच्या थराशी होता. बाबासाहेब १९४५ मध्ये सांगत होते ते ह्याच्या उलट: लीगच मोडा, आणि तळातल्यांचा पक्ष बांधा.

गांधींच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. पुणे कराराची जखम आपण विसरणार नाही, विसरण्याचे कारणही नाही. तरीही जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीतील मुसलमानांच्या जिवासाठी उपोषणाला बसलेला म्हातारा आणि त्याच महिन्यात त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या, ह्यांत आपली जागा कोणती हे ठरवताना अडखळण्याचे कारण नाही. माणसाला पूर्ण नाकारणे ही पूजेचीच उलटी बाजू असते.

ह्या सर्वाचा आजच्या जगण्याशी संबंध काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात दलित शीख आले. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो, आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबलो. धर्म बदलला म्हणून जात संपली असे सरकार आपल्याला चौतीस वर्षे सांगत होते, आणि हे खोटे आहे हे आपल्या वस्तीतले मूलही जाणत होते. मुसलमानांतील हलालखोरांना हेच आजवर ऐकवले गेले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. आपल्याकडे ह्यावर बोलायला कोणी फारसे उत्सुक नसते, कारण वाटा कमी होईल ही भीती. भीती खोटी नाही. टक्केवारी वाढवून मागता येते, आणि मागितलीच पाहिजे. पण रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाला जातच नाही असे जर आपण म्हणू लागलो, तर आपण बाबासाहेबांचे नाव घेऊन त्यांना नाकारणाऱ्यांची भाषा बोलत आहोत. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने धर्माच्या नावाखाली पिळल्या जाणाऱ्या सर्वांना दलित म्हटले होते. ते केवळ जाहीरनाम्यापुरते होते काय?

भिवंडीनेच एक उत्तर दिले आहे. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू-मुसलमानांच्या समित्या उभ्या केल्या. सामान्य माणसे पोलिसांसह नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली, मुंबई जळाली. भिवंडी जळाली नाही. त्या समित्यांत गांधी थोर की जीना ह्याचा निकाल लागला नव्हता. माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, एवढेच. हे काम पोलीस अधिकाऱ्याने करावे आणि चळवळीने केवळ पाहावे, ही मात्र आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नाही. अधिकाऱ्याची बदली होते. चळवळीची होत नाही.

तेव्हा कोलशेत असो की कशेळी, आपल्या अभ्यासवर्गात तो ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जावा, आणि वाचताना खाडीपलीकडचा मोमीन कामगारही शेजारी बसलेला असावा. दौलताबादचे पान त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे, आणि महाडच्या जागेचे पान आपल्या लोकांसमोर. मग जो वाद होईल तो होऊ द्यावा.