ऋण, आवड आणि थकबाकी

(कोपरी, ठाणे पूर्व येथे वर्षाखेरीस झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

इथे बोलायला एकच जण उभा असला तरी बोलणं आमचं आहे. आम्ही म्हणजे कोपरीतले अकरा वाचक. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, चहा पितो आणि पुस्तकांवरून भांडतो. दरवर्षी डिसेंबरात आमचा एक ठरलेला खेळ असतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली पाच आवडती पुस्तकं लिहायची आणि नव्या वर्षात काय वाचायचं ते सांगायचं. यंदा या खेळाने आम्हांला जरा अडचणीत आणलं. त्या अडचणीबद्दलच आज बोलायचं आहे.

चिठ्ठ्या उघडल्यावर नावं आली ती तुमच्याही ओळखीची असतील. ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘बटाट्याची चाळ’, ‘बनगरवाडी’, ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’. गेल्या वर्षीही जवळपास हीच होती. मग कुणीतरी सहज विचारलं, की यातलं कुठलं पुस्तक तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? हॉलमध्ये एकदम शांतता. बहुतेकांनी ही पुस्तकं पंचविशीच्या आत वाचली होती. त्यानंतर ती कपाटात होती आणि तोंडावर होती, हातात मात्र नव्हती.

म्हणून आम्ही ठरवलं, की यादी बाद. आधी पुन्हा वाचायचं आणि मग आवडतं म्हणायचं. सहा आठवडे आम्ही हेच केलं.

सुरुवात ‘मृत्युंजय’पासून, कारण ते सर्वाधिक चिठ्ठ्यांवर होतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. तिची रचना आजही धाडसी वाटते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, प्रत्येक जण ‘मी’ म्हणून आपली बाजू सांगतो. एकाच घटनेला सहा तोंडं. सोळाव्या वर्षी आम्ही या रचनेवर आणि त्या भाषेवर फिदा होतो. या वेळी एक प्रयोग केला. निवेदकाचं नाव झाकून एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि बोलतंय कोण ते ओळखायचं. प्रसंगावरून ओळखता आलं, आवाजावरून नाही. कुंतीचं दुःख आणि दुर्योधनाचा संताप एकाच अलंकारिक, उपमांनी लगडलेल्या भाषेत येतो. माणसं सहा, पण गळा एकच. ज्या कादंबरीचा सगळा डाव वेगवेगळ्या ‘मी’वर लावलेला आहे तिच्यात ही उणीव छोटी म्हणता येणार नाही.

हे बोलल्याबरोबर आमच्यातले एक काका चिडले. ते एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. म्हणाले, “अरे, या पुस्तकाने मला वाचक केलं. तिन्ही पाळ्यांमध्ये, मशीनच्या आडोशाला बसून वाचलंय मी हे. तुम्ही आता बसा गळे तपासत!”

त्यांच्या चिडण्याने आमचा गोंधळ एकदम सुटला. काकांचं बरोबर होतं आणि आमचं म्हणणंही खोटं नव्हतं. आम्ही दोन वेगळ्या याद्या एकाच चिठ्ठीवर लिहीत होतो. एक यादी ऋणाची. ज्या पुस्तकांनी आपल्याला वाचनाची गोडी लावली, त्यांचे उपकार मानायचे. त्यासाठी ती श्रेष्ठ ठरवायची गरज नाही. दुसरी यादी आवडीची, म्हणजे आजचं वय आणि आजचा अनुभव घेऊन पुन्हा गेलो तरी जी पुस्तकं आपल्याला नवं काही देतात, त्यांची. मराठीत आपण या दोन्हींची सरमिसळ फार करतो. कुणी ऋणातल्या पुस्तकावर टीका केली की आपल्याला आईवर टीका केल्यासारखं वाटतं. आणि कुणी ऋण नाकारलं, की त्याला वाटतं आपण मोठे समीक्षक झालो.

आता आवडीच्या यादीत काय टिकलं ते सांगतो. तीन पुस्तकं टिकली, आणि गंमत अशी की तिन्हींमध्ये ‘मी’ आहे.

पहिलं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आलं. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पुढे १९०० साली. मधल्या वर्षांत या बाईने काय सोसलं असेल याची नुसती कल्पना केली तरी अंगावर येतं. पण लिहिताना त्या स्वतःला कुठेही बिचारी करत नाहीत. नवऱ्याच्या विसराळूपणाला हसतात, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भोळेपणाला आणि सोवळ्याला. लहानपणी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घर कसं पिळून निघालं हे सांगणारी बाई पुढे आपल्याही मनात तेच सोवळं कसं मुरलं होतं हे लपवत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची ही भाषा. वाक्यं छोटी, सरळ, जणू ओट्यापाशी उभं राहून सांगितलेली. वर म्हटलेला प्रयोग इथे करा. कुठलंही पान उघडा, हा आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

दुसरं ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची कादंबरी. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. पूर्वी वाचताना आम्हांला ती मास्तरची गोष्ट वाटली होती. आता लक्षात आलं, की हा ‘मी’ हळूहळू बाजूला सरकत जातो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी आणि मेंढरं सगळी जागा व्यापतात. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, राजा येतो, वाटतं की आता काहीतरी उभं राहिलं. आणि मग दुष्काळ पडतो. माणसं वाडी सोडून जातात, शाळेत मुलंच उरत नाहीत. मास्तरचं कर्तृत्व त्या दुष्काळापुढे किती पुरतं, हे लेखक एका शब्दानेही बोलून दाखवत नाही. सुधारणेच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. सुधारकाला इतक्या शांतपणे त्याची उंची दाखवणारी गोष्ट विरळा.

तिसरं ‘बलुतं’. दया पवारांचं, ग्रंथालीने काढलेलं, १९७८चं. इथे ‘मी’ दुभंगलेला आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलेला, लेखक झालेला दया पवार ऐकतो. तरुणपणी आम्ही त्यातल्या प्रसंगांनी हादरलो होतो. गावकी, मुंबईतला कावाखाना, आईचे कष्ट. पुन्हा वाचताना ही मांडणी जास्त बोचली. शिकून वर आलेल्या माणसाला आपलंच नाव परकं वाटावं, आणि ते नाव घेऊन एखादा समोर बसला तर नजर चुकवावीशी वाटावी, ही जखम त्या रचनेतच आहे. यातही दोष आहेत. काही ठिकाणी माणसं येतात आणि ओळख व्हायच्या आत निघून जातात. पण पुस्तक आपल्याला सहजासहजी सोडत नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. ऋणाची यादी झाली, आवडीची झाली. मग गाडी अडली.

आमच्यात एक सिंधी बाई आहेत. आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणतो. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली, तिचं १९४९मध्ये उल्हासनगर झालं, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कोपरीतही तशी कुटुंबं वसली, हे नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना कदाचित माहीत नसेल. आंटींचा जन्म इथलाच, शाळा मराठी. त्यांच्या चिठ्ठीवर पाचही पुस्तकं मराठी होती. कुणीतरी प्रेमाने म्हणालं, “आंटी, एखादं सिंधी पुस्तक लिहायचं होतंत.” त्या हसून म्हणाल्या, “वाचता कुठे येतं? आई अरबी लिपीत वाचायची. तिची पुस्तकं घरात आहेत. आम्ही ती पुसून ठेवतो.”

पुसून ठेवतो. हा शब्द आमच्या डोक्यातून गेला नाही.

सिंधी भाषेला १९६७ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं. अरबी लिपीत लिहावं की देवनागरीत, हा वाद त्या समाजात वर्षानुवर्षं चालला. तेवढ्यात एक पिढी कुठलीच लिपी न घेता मोठी झाली. भाषा बोलण्यात राहिली, पुस्तकं कपाटात राहिली. आणि आम्ही? त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहिलो, पापड खाल्ले, लग्नांना गेलो. एकाही सिंधी लेखकाचं नाव आम्हां दहा जणांपैकी कुणाला सांगता आलं नाही. पोपटी हिरानंदानी मुंबईत राहून सिंधीत लिहीत होत्या. त्यांच्या आत्मचरित्राला १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘माझ्या आयुष्याची सोन्या-रुप्याची पानं’ असा आहे. लक्ष्मीबाईंवर जीव टाकणाऱ्या आम्हांला हे पुस्तक शेजारच्या भाषेत आहे याचा पत्ता नव्हता.

तिथून आमची तिसरी यादी सुरू झाली, थकबाकीची. जी पुस्तकं वाचणं आपल्याकडे बाकी आहे, आणि ज्यांचं व्याज वाढत चाललंय.

या यादीत दुसरं नाव तर मराठीतलंच निघालं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० सालचं पुस्तक, १९७२ला साहित्य अकादमी पुरस्कार. विषय आपल्याच जिल्ह्याचा. तलासरी, डहाणू, उंबरगाव हा सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. उंबरगाव नंतर गुजरातेत गेलं आणि पालघर जिल्हा वेगळा झाला तो अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ला. जमीनदारांची वेठ, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने राबायचं अशी लग्नगडी पद्धत, आणि १९४५मध्ये त्याविरुद्ध उभे राहिलेले वारली. हे सगळं याच जिल्ह्याच्या कागदपत्रांत घडलं. आमच्यापैकी नऊ जणांनी पुस्तकाचं नाव ऐकलं होतं, चौघांनी ते विकत घेतलं होतं आणि पूर्ण एकीनेच वाचलं होतं.

आता वाचलं. पुण्यात वाढलेली, कायदा शिकलेली बाई जंगलात जाते, तेव्हा तिला आधी स्वतःलाच पुष्कळ शिकावं लागतं. पुस्तकाचा पूर्वार्ध हे फार प्रांजळपणे सांगतो. पुढे लढा वाढतो तशी भाषा कधीकधी अहवालासारखी होते, एकेकटी माणसं गर्दीत मिसळतात. पण एक गोष्ट आम्हांला थक्क करून गेली. या पुस्तकात ‘मी’चा ‘आम्ही’ होतो, आणि तो फुकट होत नाही. बनगरवाडीचा मास्तर बाजूला सरकतो. गोदावरीबाईंना मात्र बाजूला सरकायचं नसतं, त्यांना त्या ‘आम्ही’त शिरायचं असतं, आणि त्यासाठी आधी लोकांचा विश्वास कमवावा लागतो. व्यासपीठावरून इतक्या सहज ‘आम्ही’ म्हणणाऱ्या आम्हांला हे वाचून थोडी लाज वाटली, हे कबूल करायला हवं.

आता नवं वर्ष. संकल्पांची आम्हांला भीती वाटते. वर्षाला पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं, असे आकडे आम्हीही पूर्वी सांगितलेत. यंदा आकडा नाही. तीन कामं आहेत.

ऋण फेडायचं म्हणून फिटरकाका आणि आणखी दोघं शाळकरी मुलांना ‘मृत्युंजय’ची निवडक पानं वाचून दाखवणार आहेत. गळा एकच असेना, पोरांना वाचनाचा चटका तर लागेल.

आवड जपायची म्हणून ‘स्मृतिचित्रे’ आपापल्या घरात मोठ्याने वाचायचं. यामागे एक चिंता आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे, त्याचा अभिमान आहे. पण आम्ही अकरा जणांनी आपापल्या नातवंडांपुढे मराठी पुस्तकाचं एक पान ठेवून पाहिलं. बहुतेक मुलं अक्षर लावत लावत दुसऱ्या ओळीवर थकली. मराठी बोलतात हो सगळी, छान बोलतात. आंटीही सिंधी छानच बोलतात. पुस्तकं पुसून ठेवायचे दिवस आपल्या दारापासून किती लांब आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि थकबाकी. आंटींची मोठी बहीण ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला अरबी लिपी येते, पण डोळे आता साथ देत नाहीत, भिंग लावून सावकाश वाचते. ठरलंय असं, की आईच्या कपाटातलं एक पुस्तक ती मोठ्याने वाचेल, आंटी ते मराठीत सांगतील आणि आम्ही ऐकू. कुठलं पुस्तक, ते अजून कळलेलं नाही. पाठीवरचं नाव आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहिली बैठक आहे. चहा आमच्याकडून. यायचं असेल तर या, पण येताना आपली थकबाकी लिहून आणा.