लॉस एंजेलिसहून गारगोटीला

भारतीय रॉकचा विसरलेला इतिहास अलीकडे उजेडात आला तो बराचसा परदेशी संग्राहकांच्या हौसेमुळे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'. सत्तरच्या दशकात मुंबईत वाजवणारा हा बँड. कीथ कांगा बास गिटारवर, नील चट्टोपाध्याय गिटारवर आणि गायला मधुकर चंद्र धास. तबकडी निघाली एकच, 'ऑब्सेशन 77', तीही बँड मोडल्यावर. घेणारे फारसे भेटले नाहीत. पुढे ती जुन्या बाजारातही मिळेनाशी झाली आणि 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने ती जगापुढे आणली. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या एसटी स्टँडवर बसूनही ती मोबाइलवर ऐकता येते. ज्या काळात ती वाजत होती, तेव्हा कुलाबा-चर्चगेटचं हे संगीत भुदरगड तालुक्यात पोचायला काही वाटच नव्हती.

पुन्हा सापडलेल्या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक होतं, म्हणून आधी तबकडीकडे कान देऊन पाहू. अर्ध्याहून जास्त मजा शीर्षकगीतातच आहे. त्याची दोन रूपं आहेत, एक जलद आणि एक संथ. जलद रूप पाय हलवायला लावतं. संथ रूपात मात्र तीच वस्तू उलगडून दाखवल्यासारखी होते, गिटारला रेंगाळायला जागा मिळते. ख्यालाची सवय असलेल्या कानाला यात नवल वाटणार नाही. बाकी 'गॉडफादर'ची धून आहे, हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी' आहे. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचं का? 1969 मध्ये 'किंग क्रिम्सन'ने जी लांब, वळणं घेणारी रचना रूढ केली, तिच्या मापाने नाही. पण हा बँड कुठल्याच एका खणात बसत नाही, आणि मला तो आवडतो तो त्याच कारणासाठी.

दुसऱ्यांची गाणी वाजवण्याबद्दल या मंडळींना नावं ठेवणं सोपं आहे. पोट हॉटेलं आणि डिस्कोथेकवर चालायचं, तिथे लोकांना ओळखीचं हवं असे. रेकॉर्ड कंपन्यांचा जीव सिनेमात. परदेशी वाद्यं जकातीमुळे परवडत नसत. स्वतःचं गाणं नोंदवायची संधी यायची ती सिगारेट कंपनीच्या कृपेने: 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडांच्या 1970 आणि 1971 च्या तबकड्या हाच त्या काळाचा मुख्य पुरावा.

पण खरी गोची पुढेच आहे. हे संगीत रंगमंचावर जगलं आणि संग्राहकाच्या हाती लागते ती तबकडी. धास यांचंच घ्या. 1974 मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' उभं केलं, त्यात ते येशू होते आणि जूडास होता नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा. घरात मराठी नाटक, गळ्यात रॉक. 1978 मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 'तीन पैशाचा तमाशा' केला. ब्रेख्तच्या नाटकाचं पुलंनी केलेलं रूपांतर. संगीतात भास्कर चंदावरकरांसोबत नंदू भेंडेही होते. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य पॉप तिथे शेजारी शेजारी आले, प्रत्येक पात्राची जात त्याच्या चालीवरून कळावी म्हणून. मराठीत चाकोरीबाहेरचं रॉक कुठे झालं असं कुणी विचारलं, तर मी बँडाचं नव्हे, या नाटकाचं नाव घेईन. कोलाज हा तिथे शोभेचा भाग नव्हता, त्यावर नाटकाचा उपरोध उभा होता. तबकड्या शोधणाऱ्यांच्या यादीत अशी नाटकं सहसा नसतात, कारण त्यांना लिलावात भाव येत नाही.

आजचं चित्र? मुंबईच्या 'कोशिश'चा 'फिरदौस' 2013 चा. हिंदीत खऱ्या अर्थाने प्रोग्रेसिव्ह, गाण्यांचा क्रमही मुद्दाम विस्कटलेला, तो लावायचं काम ऐकणाऱ्याचं. मराठीत 'अभंग रिपोस्ट'ने गिटार-ड्रम्सवर अभंग नेटाने पोचवले. गर्दी आहे, ऊर्जा आहे. पण बहुतेक मराठी रॉक जुन्या चालीखाली ड्रम्स घालून थांबतं. लयीचा सांगाडा तोच राहतो, रचना तीन-चार मिनिटांत आटोपते.

हे खटकतं, कारण लांब रचनेची शिदोरी आपल्याकडे आहे. कोल्हापूर-सांगलीकडची धनगरी ओवी रात्रभर चालते. सुंबरान (देवाचं स्मरण) मांडायचं, गायचं, मग थांबून तीच कथा गद्यात सांगायची, पुन्हा गाण्यात शिरायचं. ढोल लय बदलतो तो कथेला गरज पडते म्हणून. पट्टणकोडोलीच्या यात्रेतले ढोल ऐकलेल्याला परदेशी प्रोग्रेसिव्हची लांबी कशाला घाबरवेल? उलट गारगोटीतल्या पोरांना विजेचं संगीत भेटतं ते वरातीच्या बेंजोत आणि गणपतीच्या डॉल्बीत. डॉल्बीला मी नाकं मुरडणार नाही, आवाज अंगावर घ्यायची हौस रॉकचीच आहे. पण तिथे एक ठोका तासभर बदलत नाही. गंमत म्हणजे बेंजोवाले त्याहून धीट असतात: नागिणीतून भक्तिगीतात आणि तिथून थेट लावणीत उडी मारतात, सांधा न दाखवता. बँड काढणाऱ्याने एखाद्या लग्नसराईत त्यांच्यामागे चालून पाहावं.