पेशीव्यापार आणि ‘आज्ञा’ हा शब्द

जनुकांच्या कार्याचे मराठीत विवेचन करताना ‘आज्ञा’ हा शब्द सहज योजिला जातो. बाहेरून संदेश येतो, ग्राही तो स्वीकारतो, जनुकास आज्ञा मिळते व ते कार्यप्रवृत्त होते, अशी ही मांडणी असते. ती सुबोध आहे यात शंका नाही. ती यथार्थ आहे काय, हा खरा प्रश्न होय.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातशेती या परीक्षेस पुरेशी आहे. भातसा व काळू यांच्या खोऱ्यांतील सखल खाचरात लावणीनंतर अतिवृष्टी होऊन रोप बुडाले, की त्यात निर्माण होणारा एथिलीन वायू आतच साचतो. कारण हवेच्या मानाने पाण्यात वायूंचे विसरण सुमारे १०,००० पट मंद असते. साचलेला वायू हीच बुडाल्याची खूण.

या खुणेचा पुढील प्रवास अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील संशोधनाने उलगडला. एथिलीन नसताना त्याचे ग्राही सक्रिय असतात व प्रतिसाद रोखून धरतात. एथिलीन जोडले गेले, की ते निष्क्रिय होतात. निर्बंध सुटून पेशीकेंद्रातील संबंधित जनुके व्यक्त होऊ लागतात. येथे आज्ञा सुटत नाही, चालू असलेला निषेध थांबतो. व्याकरणाच्या अभ्यासकास हे अपरिचित नाही. पाणिनीय परंपरेत लोपालाही स्थान आहे. मराठीत ‘जा’ या एकवचनी आज्ञार्थी रूपात प्रत्ययाचा अभावच अर्थवाहक ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वसाधारण वाणात एथिलीनमुळे रोप साठवलेली शर्करा खर्चून उंच वाढू लागते व पूर लांबल्यास मरते. ओडिशातील एफआर१३ए या वाणात २००६ साली ओळखल्या गेलेल्या सब१ए या जनुकामुळे त्याच एथिलीनचा परिणाम उलट होतो: जिबरेलिनला मिळणारा प्रतिसाद आवरला जातो, वाढ थांबते, साठा वाचतो व रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. अर्थात खुणेचा अर्थ खुणेत नसून तिला ग्रहण करणाऱ्या व्यवस्थेत असतो.

आज्ञेमागे विवक्षा असते. पेशीत विवक्षा नाही. ‘आज्ञा’ शब्दाने विद्यार्थी ‘आज्ञा कोणी दिली?’ या निरर्थक प्रश्नात गुंततो आणि ‘कोणत्या वाणात, कोणत्या अवस्थेत?’ हा प्रश्न राहून जातो. बियाण्याची निवड मात्र त्याच प्रश्नावर अवलंबून असते. ‘संकेत’ या शब्दातही मानवी व्यवहाराची छटा आहे. तथापि संकेताचा अर्थ व्यवस्थेवर अवलंबून असतो, एवढे तो विसरू देत नाही. म्हणून तोच स्वीकार्य होय.