परकेपणाची मीमांसा आणि मराठी समाजातील ‘उपरा’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

परका कोण, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. जो दुसऱ्या देशातून आला, दुसरी भाषा बोलतो आणि दुसऱ्या रीतीने वागतो, तो परका. परंतु मराठी भाषेतील शब्द तपासले तर हे उत्तर अपुरे ठरते. परदेशी, परकीय, परप्रांतीय हे शब्द सीमेचा निर्देश करतात; तिऱ्हाईत हा शब्द दोघांच्या व्यवहाराबाहेरचा तिसरा दाखवतो; आणि उपरा हा शब्द तर ज्याला आपल्यात राहूनही आपल्यात जागा नाही, अशा माणसासाठी वापरला जातो. म्हणजेच परकेपण हे नेहमीच अंतरावर अवलंबून नसते. प्रस्तुत लेखात परकेपणाविषयीच्या काही प्रमुख विद्वत्-दृष्टिकोनांचा परामर्श घेऊन, मराठी समाजाच्या संदर्भात ते कितपत पुरे पडतात याची चिकित्सा केली आहे.

पाश्चात्त्य विचारातील परका

या विषयाच्या आधुनिक चर्चेचा आरंभ सामान्यतः जॉर्ज सिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञापासून मानला जातो. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या समाजशास्त्रावरील ग्रंथात परक्याविषयी एक छोटे प्रकरण आहे. सिमेलचा परका हा येऊन निघून जाणारा वाटसरू नव्हे. तो येतो आणि राहतो. तो समूहाचा घटक असतो, पण मुळापासून त्या समूहाचा नसतो. जवळीक आणि दुरावा यांचा हा एकत्र वास सिमेलने नेमका हेरला. त्याचे प्रमुख उदाहरण युरोपातील ज्यू व्यापाऱ्याचे आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, म्हणून जो व्यापारात शिरतो आणि ज्याच्याकडे तटस्थ दृष्टी असते, असा हा माणूस. सिमेल स्वतः ज्यू वंशाचा होता आणि पूर्ण प्राध्यापकपद त्याला १९१४ साली, आयुष्याच्या उत्तरार्धात मिळाले, ही गोष्ट या विवेचनाची पार्श्वभूमी म्हणून ध्यानात घेण्याजोगी आहे.

आल्फ्रेड शुट्झने १९४४ साली याच विषयावर निबंध लिहिला, तेव्हा तो व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला होता. त्याच्या मते, प्रत्येक समूहाकडे रोजच्या जगण्याचे एक गृहीत ज्ञान असते. समूहातील माणसाला त्याचा विचारही करावा लागत नाही. परक्याला मात्र त्यातील प्रत्येक गोष्ट कोडे म्हणून सोडवावी लागते. पुढे १९८८ साली जुलिया क्रिस्तेव्हा या बल्गेरियात जन्मलेल्या फ्रेंच विदुषीने मनोविश्लेषणाच्या आधारे असे प्रतिपादन केले की, परका हा आपल्याच मनात दडलेला आहे. स्वतःमधील हे अनोळखीपण ओळखले तरच बाहेरच्या परक्याबरोबर राहता येईल. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यातील ‘मानव’ आणि ‘नागरिक’ या दोन पदांमधील फटही तिने दाखवून दिली. जो नागरिक नाही त्याचे मानव म्हणून हक्क कोण राखणार, हा तो प्रश्न होय.

या तिन्ही विचारवंतांत भेद असले तरी एक गृहीतक समान आहे. त्यांचा परका मुख्यतः कोठून तरी आलेला असतो. त्याने एक सीमा ओलांडलेली असते. परकेपणाची कथा आगमनापासून सुरू होते, हे येथे स्वयंसिद्ध मानले गेले आहे.

म्लेच्छ आणि यवन

प्राचीन भारताच्या संदर्भात हे गृहीतक डळमळते. रोमिला थापर यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्लेच्छ या संकल्पनेचा इतिहास तपासला. म्लेच्छ शब्दाचे मूळ वाणीत आहे; ज्याचा उच्चार अशुद्ध तो म्लेच्छ. ग्रीकांचा ‘बार्बरोस’ हाही असाच, न कळणाऱ्या बोलीची नक्कल करणारा शब्द आहे, आणि स्लाव्ह भाषांत जर्मनांसाठी रूढ झालेला शब्द मुकेपणाशी नाते सांगतो. भाषा न कळणे हाच परकेपणाचा पहिला अनुभव, याविषयी अनेक समाजांत एकवाक्यता दिसते. मात्र भारतात या भाषिक अर्थावर आचार, शुद्धाशुद्धता आणि वर्णव्यवस्थेतील स्थान यांचे थर चढत गेले, हे थापर यांच्या विवेचनाचे महत्त्वाचे सूत्र आहे.

महाराष्ट्रातील लेण्यांत याचा बोलका पुरावा आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. ते स्वतःला यवन म्हणवतात आणि दान देऊन संघाच्या आश्रयदात्यांत स्थान मिळवतात. याउलट नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा असे आहे, आणि त्याच लेखात चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याबद्दलही त्याची स्तुती आहे. एकाच सह्याद्रीच्या परिसरात यवन हा एके ठिकाणी दाता तर दुसऱ्या ठिकाणी शत्रू आहे. त्याचे मूळ दोन्हीकडे तेच. बदलले ते त्याला मिळालेले स्थान.

मिरास, उपरी आणि गावगाडा

‘स्थान’ ही संकल्पना मराठी ग्रामव्यवस्थेत अधिक स्पष्ट होते. जुन्या महसुली व्यवहारात जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे, उपऱ्याचा नसे. उपरी हा शेजारच्या गावचा, त्याच भाषेचा आणि त्याच देवाचा भक्त असू शके. तरीही त्या गावात तो उपरीच. मराठीत परक्याच्या विरुद्ध टोकाला ‘नागरिक’ नव्हता. तेथे मिरासदार, वतनदार होता. येथे परकेपण ठरवणारी रेषा देशाच्या सीमेवर नसून गावाच्या हक्कनोंदीत होती.

त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने चित्रण आहे. कुणबी, बलुतेदार आणि अलुतेदार यांच्या परस्परसंबंधांबरोबरच त्यात फिरस्त्या जमातींचे विस्तृत वर्णन येते. लेखकाची माहिती विपुल आहे, परंतु दृष्टी गावात घर असलेल्याची आहे. फिरस्ता त्याला मुख्यतः गावावरील भार म्हणून दिसतो. त्यामुळे हा ग्रंथ परकेपणाचे वर्णन तर करतोच, पण परकेपण कसे घडवले जाते याचेही तो एक साधन ठरतो.

‘शनवार तेली’ : सिमेलच्या सिद्धांताची कसोटी

सिमेलचे प्रमुख उदाहरण ज्यूंचे असल्याने कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे पाहणे उद्बोधक ठरते. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत, शेती करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्यांची भाषा मराठी झाली, आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर त्यांनी मराठी कीर्तनेही केली. येथील ज्यू जमीन नसलेला, सर्वांहून तटस्थ व्यापारी नाही. गावाने त्याच्या धर्माचे वेगळेपण व्यवसाय आणि वार यांच्या भाषेत अनुवादित केले व आपल्या रचनेत त्यास एक जागा दिली.

या कथेचा उत्तरार्ध अधिक मार्मिक आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. ज्या भूमीला ते आपली मानत होते, तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी रब्बींच्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांबाबत वंशशुद्धीचा प्रश्न उपस्थित केला. समाजाने आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायली संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे स्पष्ट केले. समुद्रापलीकडून आलेला समाज कोकणात आपला झाला आणि आपल्यांत गेल्यावर परका ठरला. आगमनाच्या सिद्धांतात हे बसत नाही. स्थानाच्या सिद्धांतात बसते.

‘उपरा’ : न आलेला परका

याच्या नेमके उलट उदाहरण लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात मिळते. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कृतीची चर्चा बहुधा दलित-भटक्यांच्या साहित्याचा दस्तऐवज म्हणून होते. परकेपणाच्या सिद्धांताला दिलेले उत्तर म्हणूनही ती वाचली पाहिजे. टोपल्या विणणारे, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब पिढ्यानपिढ्या याच मुलखात वावरले; ते कोठूनही आलेले नाही. घरात तमिळशी नाते असलेली कैकाडी बोली असली तरी बाहेरचा सारा व्यवहार मराठीतच आहे. शुट्झच्या परक्याला गावाचे गृहीत ज्ञान नसते. ‘उपरा’मधील माणसाला ते गावकऱ्याइतकेच, किंबहुना अधिक असते. कोणत्या वेशीपाशी थांबावे, कोणाला किती वाकून बोलावे, हे जाणल्यावाचून त्याला पोट भरताच येत नाही. अज्ञान नव्हे, तर ज्ञान असूनही जागा नसणे हे त्याचे परकेपण आहे.

शाळेने ही कोंडी फुटेल, ही वडिलांची जिद्द या आत्मकथनाचा कणा आहे. परंतु शिकलेला, जातीबाहेर विवाह केलेला नायक जातपंचायतीच्या रोषासही पात्र होतो. गावात जागा नव्हतीच. आता जमातीतही उरत नाही. शीर्षकातील शब्द येथे दुहेरी अर्थ धारण करतो. क्रिस्तेव्हाचा अंतर्यामीचा परका येथे अवश्य भेटतो, पण तो मनोव्यापारातून उपजलेला नाही. तो गावाच्या वेशीने आणि पंचायतीच्या निवाड्याने घडवलेला आहे.

राज्यसंस्थेने या परकेपणावर शिक्कामोर्तब केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच संशयास्पद ठरवला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी मिरासदारीचे तर्कशास्त्र कागदोपत्री उरले. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. ज्यांचे जगणेच एका जागी न राहण्याचे होते, त्यांनी राहत्या जागेचा पुरावा द्यावा, ही यातील विसंगती आहे. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

विवेचनाची मर्यादा

स्थान मिळणे म्हणजे समता मिळणे असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. महार समाजाला गावात वतन होते, कामे नेमलेली होती, तरीही त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती. तो परका नव्हता, अस्पृश्य होता. बेने इस्राएलांमध्येही गोरे आणि काळे असा भेद पाळला जाई. गावगाड्याची सामावून घेण्याची शक्ती ही उतरंडीची शक्ती होती, तिला उदारपणा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

निष्कर्ष

१) सिमेल ते क्रिस्तेव्हा ही विचारपरंपरा परकेपणाचे मूळ आगमनात शोधते, मराठी समाजातील पुरावा ते स्थानाच्या अभावात दाखवतो.

२) मूळ परके असणे निर्णायक नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेले बटाटा आणि शेंगदाणे आज उपवासाला चालतात, पण इथल्याच मातीतला भटका वेशीबाहेर राहतो. वस्तूंना आपण जे सहज दिले ते माणसांना दिले नाही.

३) ‘उपरा’सारख्या कृतींचा अभ्यास केवळ अनुभवकथन म्हणून न करता सिद्धांताची परीक्षा घेणारे लेखन म्हणून व्हावा. वर्गात सिमेलचा परका शिकवताना त्याच्या शेजारी उपऱ्याला बसवले, तर दोघांचेही आकलन अधिक सखोल होईल.