अवतरणातलं ‘नवं’

मे १९५२च्या ‘लॅन्सेट’मधला तो लेख जेमतेम दोन पानांचा. लेखक सात. पहिली तीन नावं मुंबईची: भेंडे, देशपांडे, भाटिया; उरलेली चार इंग्लंडची. मला भुरळ पडते ती शीर्षकाची. एबीओशी नातं असलेलं एक ‘नवं’ रक्तगट-लक्षण, असा त्याचा अर्थ; आणि ‘नवं’ या शब्दाला लेखकांनी चक्क अवतरणचिन्हं घातली आहेत. लँडस्टायनरच्या एबीओ रक्तगटांच्या शोधाला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. त्याच्या चौकटीत न बसणारं काही हाती लागलं, तरी आवाज चढवलेला नाही. (आजचा प्रसिद्धी विभाग ती चिन्हं आधी खोडेल.)

परळच्या केईएम रुग्णालयात सापडलेल्या या रक्ताची खुबी कळायला तीन काचनळ्या पुरतात. रुग्णाच्या सिरमचे दोन थेंब, त्यात ठाऊक गटाच्या लाल पेशींचा एक थेंब. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाशी लाल टिकली बसते. नळी हलकेच तिरकी करायची. टिकली धुरासारखी विरत गेली तर जुळलं. ढेकूळ होऊन सुटली तर नाही. ‘ओ’ गटाच्या सिरममध्ये ए पेशींची ढेकळं होतात, बीचीही. तिसऱ्या नळीतल्या ओ पेशी मात्र विरायलाच हव्यात. इथे त्यांचंही ढेकूळ झालं.

घाईच्या माणसानं नळी नीट धुतली नसेल म्हणून ती बाजूला टाकली असती. या लेखाचा सगळा रस मला त्या न टाकलेल्या ढेकळात दिसतो. रुग्णाच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे तो ओ. आणि कुणालाही चालतं असं शाळेत घोकलेलं ओ रक्त त्यालाच चालत नाही! ए आणि बी ज्या ‘एच’ या घटकाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच त्याच्या पेशींवर नव्हता. ओ पेशींवर एच भरपूर, म्हणून त्याचं सिरम त्यांच्यावर तुटून पडत होतं.

हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. त्याला रक्त लागलं तर त्याच गटाचा दाता शोधावा लागतो.

ब्लड बँकेतली तपासणी आज बरीचशी यंत्रावर होते. पण तिसरी, ओ पेशींची नळी वगळली, तर हे रक्त कागदावर निमूटपणे ‘ओ’ म्हणून उतरतं. क्रॉसमॅचला दात्याच्या पिशवीशी गाठ पडेपर्यंत.