‘पन्नास एक’ म्हटलं की संख्या कळते का?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ हे वाचन आलं आणि मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू मला पटते. जोडाक्षरं मुलांना जड जातात. शिवाय ‘एकवीस’ बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. ‘एकोणपन्नास’ तर आणखी फसवं: ऐकू येतात पन्नास, लिहायचा चार.

पण नाव सोपं झालं म्हणजे स्थानिक किंमत कळली असं नाही. इथं कराडात शेजारच्या दुसरीतल्या मुलीला विचारलं, “चाळीस नऊ मोठे की पन्नास एक?”

“चाळीस नऊ. नऊ मोठा ना!”

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडले, तेव्हा तिनं स्वतःच उत्तर बदललं.

एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण चाचणी कशी असावी ते कळतं. यावर संशोधन करणार असाल, तर ४२ आणि ५७ अशाच जोड्या देऊ नका. तिथं एककाचा अंकही मोठा, दशकाचाही. फक्त एकक पाहणाऱ्या मुलाचंही उत्तर बरोबर येतं. ४९ आणि ५१ द्या. वाचन सुधारलं की समज, ते तिथं दिसेल. २०१९ चा सगळा वाद नावांवरच झाला. गठ्ठ्यांबद्दल फारसं कुणी बोललंच नाही.